न दिसणाऱ्या जहाजाचे गणित

समुद्रापासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर, दख्खनच्या पठारावर वसलेली छत्रपती संभाजीनगरची छावणी ही भूदलाची वस्ती आहे आणि तिचा इतिहास घोडदळाचा व तोफखान्याचा आहे. तरीही या जिल्ह्याचे समुद्राशी नाते जुने आहे, कारण येथील पैठण ही ज्या सातवाहनांची राजधानी होती त्यांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आढळते, आणि भारतीय नौदलाच्या विशाखापट्टणम येथील पाणबुडी प्रशिक्षण केंद्राला ‘आयएनएस सातवाहन’ हे नाव आहे. १९७७ पासून या शहरात चालणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी तयार करते, आणि त्या प्रबोधिनीतून नौदलाचीही वाट निघते. पाणबुडीच्या कप्तानाला कसा विचार करावा लागतो हे इतक्या दूर राहून समजून घेण्याचे एक साधन आज घरच्या संगणकावर उपलब्ध आहे. पाणबुडीच्या हालचाली, शस्त्रे आणि मर्यादा यांचे हुबेहूब अनुकरण करणारा सिम्युलेटर हे ते साधन होय, आणि वास्तवतेच्या सर्वोच्च पातळीवर चालवल्यावरच त्याचे खरे मोल कळते.

या प्रकाराची परंपरा चार दशकांची आहे. सिड मायर यांच्या १९८५ च्या ‘सायलेंट सर्व्हिस’ या खेळातच शत्रूच्या ताफ्याने नागमोडी चालणे, पाणतीर, म्हणजे पाण्यातून स्वतःच्या बळावर धावणारे अस्त्र, न फुटणे अशा अडचणी खेळणाऱ्याने स्वतःहून स्वीकारण्याची सोय होती. २००५ मध्ये युबिसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या ‘सायलेंट हंटर ३’ या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांवरच्या खेळात ही सोय पूर्णत्वाला पोहोचली. विजेऱ्यांची, इंधनाची आणि प्राणवायूची मर्यादा, दुरुस्तीला लागणारा खरा वेळ, निकामी निघणारे पाणतीर, बाहेरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा अभाव, नकाशावर शत्रूची जागा आपोआप न उमटणे आणि नेम स्वतः धरणे असे एकेक बंधन पत्करत गेल्यास वास्तवतेचा आकडा शंभर टक्क्यांपर्यंत चढतो. पातळी वाढवणे म्हणजे शत्रूला अधिक बलवान करणे असे सर्वसाधारण खेळांमध्ये मानले जाते. येथे मात्र प्रत्येक पायरीवर खेळणाऱ्याची माहिती कमी होत जाते, आणि हाच या साधनाचा गाभा आहे.

माहिती रोखून शिकवण्याची ही पद्धत प्रत्यक्ष युद्धात कसाला उतरलेली आहे. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश नौदलाने एक डावपेच केंद्र सुरू केले, जेथे जमिनीवर आखलेल्या सागरपटावर महिला नौसैनिक जहाजांच्या खुणा हलवीत आणि प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना पडद्याच्या फटीतून केवळ तेवढेच दिसू देत, जेवढे त्यांना आपल्या जहाजावरून दिसले असते. जर्मन पाणबुड्या ताफ्याच्या रांगांमध्ये शिरून आतून मारा करतात, हे अनुमान या पटावरच पक्के झाले आणि त्यावर ‘रास्पबेरी’ नावाचा प्रतिडाव रचला गेला.

सर्वोच्च पातळीवरील मुख्य काम म्हणजे नेम धरण्याचे गणित. जुन्या प्रकारचा पाणतीर सरळ रेषेत जातो, म्हणून जहाज आता जेथे आहे तेथे न मारता ते काही वेळाने जेथे असेल तेथे मारावे लागते. त्यासाठी अंतर, वेग आणि नाळेचा कोन या तीन गोष्टी हव्यात. हा कोन म्हणजे लक्ष्य-जहाजाच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पाणबुडीच्या दिशेपर्यंत मोजलेला कोन, ज्यावरून जहाज कोणत्या बाजूला चालले आहे ते ठरते. जहाजाचा प्रकार ओळखून त्याच्या डोलकाठीची उंची पुस्तकातून घेतली, तर ती पेरिस्कोपमध्ये किती अंशांत मावते त्यावरून अंतर निघते. वेगासाठी पेरिस्कोप स्थिर ठेवून जहाजाची नाळ आणि वरामा, म्हणजे मागचे टोक, उभ्या रेषेवरून जाण्यात किती सेकंद लागले ते मोजतात: १५० मीटर लांबीच्या जहाजाला २९ सेकंद लागले, तर त्याचा वेग सुमारे १० नॉट, म्हणजे ताशी १० सागरी मैल असतो. नकाशावर काम करणाऱ्यांसाठी आणखी सोपा नियम असा की, ३ मिनिटे १५ सेकंदांत जहाज जितक्या वेळा शंभर मीटर पुढे सरकते, तितके नॉट त्याचा वेग.

या गणितात चूक कोठे महाग पडते हेही मोजून पाहता येते. ३० नॉट वेगाचा, विजेवर चालणारा पाणतीर १००० मीटर अंतर सुमारे ६५ सेकंदांत कापतो आणि तेवढ्यात १० नॉट वेगाने आडवे चाललेले जहाज ३३४ मीटर पुढे गेलेले असते. वेगाच्या अंदाजात २ नॉटची चूक झाली तर नेम सुमारे ६७ मीटर हुकतो, आणि मध्यावर नेम धरलेल्या १५० मीटर लांबीच्या जहाजाला पाणतीर जेमतेम लागतो; अंतर दुप्पट असेल तर हीच चूक दुप्पट होऊन पाणतीर निसटतो. जवळ जाणे हा चुका पचवण्याचा उपाय आहे. पण जवळ जाण्याची किंमत विजेऱ्यांनी मोजावी लागते, कारण दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘टाइप ७-सी’ पाणबुडी पाण्याखाली विजेऱ्यांवर ४ नॉट वेगाने सुमारे ८० सागरी मैलच जाऊ शके.

पेरिस्कोपही खाली घेतला की उरतो तो केवळ आवाज. सोनार, म्हणजे ध्वनीच्या आधारे शोध घेणारे यंत्र, दोन प्रकारे वापरता येते: स्वतः ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकणे, ज्यात अंतर कळते पण आपलाही ठावठिकाणा उघड होतो, किंवा नुसते ऐकणे, ज्यात केवळ दिशा कळते. २००५ च्या ‘डेंजरस वॉटर्स’ या आधुनिक काळावरील खेळात भारतीय नौदलाच्या सिंधुघोष वर्गाचे मूळ असलेली रशियन ‘किलो’ पाणबुडी चालवता येते, आणि तेथे वेळोवेळी घेतलेल्या दिशा कागदावर मांडून, मधेच स्वतःचा मार्ग बदलून, शत्रूचा मार्ग अनुमानाने काढावा लागतो. शिवाय उन्हाने तापलेल्या वरच्या पाण्यातून ध्वनी खाली वळतो, त्यामुळे उष्ण समुद्रात थंड थराखाली दडलेली पाणबुडी पृष्ठभागावरील जहाजाला जवळ असूनही ऐकू न येण्याची शक्यता असते.

हे सारे पुस्तकी नाही, याची साक्ष पश्चिम किनाऱ्यानेच दिली आहे. डिसेंबर १९७१ मधील भारत-पाकिस्तान युद्धात पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधासाठी मुंबईहून ‘आयएनएस खुकरी’ आणि ‘आयएनएस किरपाण’ या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौका निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळील समुद्रात फ्रेंच बनावटीच्या ‘हंगोर’ पाणबुडीने अंधारात जहाजे दिसत नसल्याने खोलवर जाऊन केवळ सोनारच्या आधारे नेम धरला. ‘किरपाण’वर सोडलेला पहिला पाणतीर न फुटता निघून गेला आणि दुसऱ्याने ‘खुकरी’ काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक कामी आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. न फुटणारा पाणतीर, आंधळा नेम, उष्ण समुद्रात नीट न ऐकू येणारा शत्रू हे सारे त्या एका रात्रीत एकवटले होते, आणि सिम्युलेटरमधील बंधने का घातली जातात ते या घटनेइतके दुसरे काही स्पष्ट करत नाही.

पडद्यावर हवेतील जडपणा, महिनोन्महिन्यांची कोंडी किंवा मरणाची टांगती भीती आणता येत नाही, आणि चुकलेला डाव पुन्हा मांडता येतो. म्हणून या साधनाला सेवेचा अनुभव मानणे हा खऱ्या पाणबुडी-सैनिकांवर अन्याय ठरेल. परंतु अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, अंदाज आणि खात्री यांतील फरक ओळखणे आणि तासन्‌तास थांबून योग्य क्षणी एकदाच कृती करणे, ही बौद्धिक शिस्त या साधनातून मिळू शकते. छावणीतील एखाद्या विद्यार्थ्याने सगळी बंधने एकदम न पत्करता, आधी कागद, पेन्सिल आणि कोनमापक घेऊन नेम स्वतः धरायला शिकावे, मग नकाशावरील खुणा बंद कराव्यात आणि शेवटी केवळ आवाजावर विसंबावे; अशा क्रमाने गेल्यास त्रिकोणमितीचे वर्गातले धडे त्याला समुद्रात कामाला आलेले दिसतील आणि खुकरीच्या रात्रीचा वृत्तान्त तो अधिक समजुतीने व अधिक आदराने वाचू शकेल.