खाकी म्हणजे नक्की कोणता रंग? महायुद्धातल्या मराठा सैनिकाचा अर्धपुतळा अचूक कसा रंगवतात?

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर सुमारे ५० हजार भारतीय सैनिक लढले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांना मिळाले. त्यातले एक होते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे.

सैनिकांचे छोटे अर्धपुतळे रंगवण्याचा छंद जगभर आहे. हे पुतळे बहुतेकदा रेझिनचे आणि मूळ आकाराच्या एक दशांश असतात. घाडगे यांचा असा पुतळा रंगवायचा ठरवलं, तर कुठे कोणता रंग लावायचा हे कसं ठरतं?

सुरुवात तारखेपासून का होते?

कारण ऋतू बदलला की गणवेश बदलतो. इटलीत हिवाळ्यात सैनिक जाड लोकरी कापडाचा, तपकिरी झाक असलेला 'बॅटल ड्रेस' घालत. उन्हाळ्यात सुती 'खाकी ड्रिल' असे. हे कापड बरंच फिकट आणि ऊन-धुण्याने आणखी विटणारं.

घाडगे यांची लढाई १० जुलै १९४४ ची, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली. म्हणजे ऐन उन्हाळा. त्यामुळे शर्ट फिकट खाकी हवा, घामाच्या जागी थोडा गडद आणि वर धुळीचा पातळ थर. दोन्ही कापडांना बोलीत 'खाकी'च म्हणतात, म्हणून पुतळ्यावर हिवाळ्याचा रंग चढण्याची चूक सहज होते.

फोटो असूनही रंग का कळत नाही?

लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये इटलीतल्या भारतीय तुकड्यांचे फोटो आहेत. पण त्या काळातले बहुतेक युद्धफोटो कृष्णधवल. त्यात खाकी आणि हिरवा दोन्ही राखाडीच दिसतात. फोटोवरून पट्टा कसा बांधला, बाही किती दुमडली, हे कळतं. रंगासाठी मात्र जपून ठेवलेले खरे कपडे आणि पट्टे पाहावे लागतात.

शिवाय लहान वस्तूवर मूळ रंग जसाच्या तसा लावला, तर तो प्रत्यक्षापेक्षा गडद वाटतो. म्हणून रंगवणारे तो किंचित फिका करून लावतात. घड्यांमध्ये गडद, उंचवट्यांवर उजळ अशा पातळ थरांनी कापडाला खोली येते.

चेहऱ्यात चूक कुठे होते?

भारतीय आणि ब्रिटिश सैनिकांचं बरंचसं साहित्य सारखंच होतं. तेच पसरट काठाचं लोखंडी हेल्मेट, तेच १९३७ च्या नमुन्याचे जाड सुती पट्टे. हेल्मेटखालचा चेहरा कोकणातल्या तरुणाचा आहे, हे रंगानेच सांगावं लागतं.

बाजारात 'त्वचेचा रंग' म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्या गोऱ्या कातडीच्या असतात. त्यात नुसता काळा मिसळला, तर चेहरा मळकट दिसतो. उजळ भागासाठी पांढरा वाढवला, तर राख फासल्यासारखा दिसतो. सावळ्या त्वचेसाठी तांबूस तपकिरी रंगाने सुरुवात करतात, सावलीला गडद तपकिरी वापरतात आणि नाक-गालांच्या उंचवट्यावर पिवळसर गेरूची झाक देतात. डोळ्यांचं बुबुळाभोवतीचं पांढरंही शुद्ध पांढरं ठेवत नाहीत. ठेवलं, तर डोळे वटारल्यासारखे वाटतात.

छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस दाखवायचा का?

युद्धाच्या वेषातल्या पुतळ्यावर नाही. त्या दिवशी मशीनगनच्या माऱ्यात घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली आणि तिथल्या एकाला गोळी घातली. बंदुकीचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तिची नळी धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच कोसळले.

पदक जाहीर झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर. ते त्यांनी कधी अंगावर घातलंच नाही. या पुतळ्यावर हवी ती नाईक हुद्द्याची खूण, म्हणजे बाहीवर 'व्ही' आकाराच्या दोन फिती. पुतळ्याचे दंड वरच कापलेले असतील, तर त्यांचा काही भागच दिसेल.

एवढा अट्टहास कशासाठी?

घाडगे २२ वर्षांचे होते. त्यांची स्वतंत्र कबर नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कसिनो स्मारकावर, कबर नसलेल्या सैनिकांमध्ये कोरलेलं आहे. २०२३ च्या जुलैमध्ये पेरुजाजवळच्या मोंटोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, तेही लढाईनंतर ७९ वर्षांनी.

अशा सैनिकाचा पुतळा कुणाच्या तरी टेबलावर उभा राहतो, तेव्हा पाहणाऱ्याला त्याच्याबद्दल आणखी काही माहीत असेलच असं नाही. शर्ट लोकरी रंगवला, तर जुलैचं ऊन पुसलं जातं. छातीवर पदक लावलं, तर ते पाहायला तो उरला नव्हता, ही गोष्टच झाकली जाते.