मूत्रसंस्थेचे विकार : लाज नको, माहिती हवी

ताप आला, खोकला झाला तर आपण शेजाऱ्यालाही सांगतो. परंतु लघवीतून रक्त गेले किंवा अंडकोषात गाठ हाताला लागली, तर माणूस घरच्यांनाही सांगत नाही. आमच्या बँकेतील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीला दोन वर्षे असताना रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठत असत. "वय झाले, चालायचेच," असे म्हणून त्यांनी दिवस काढले. पुढे कंबर दुखू लागली तेव्हा मलम चोळले, पट्टा बांधला. अखेर तपासणी झाली तेव्हा पौरुषग्रंथीचा, म्हणजेच प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यापर्यंत पोहोचलेला होता. त्यांच्या पश्चात वहिनींनी आम्हाला विचारले, "भाऊजी, हे आधी कळले नसते का हो?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने कारकून. उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्या प्रश्नापायी आम्ही वाचन केले, डॉक्टर स्नेह्यांना खोदून खोदून विचारले. त्यातून जे समजले ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवत आहोत. औषधे सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. रोगाने अवयवात नेमका काय बदल होतो, एवढेच सांगावयाचे आहे. या शास्त्राला विकृतिशास्त्र म्हणतात.

मूत्रपिंड : आतली मोजदाद

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ व त्याला जोडलेली लांब नळी असते. दिवसभरात या गुच्छांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, पण लघवी होते साधारण दीड लिटर. बाकीचे पाणी, साखर आणि क्षार नळी परत रक्तात घेते. आमच्या भाषेत सांगायचे तर तिजोरीतील सगळी रक्कम रोज अनेकदा बाहेर काढून मोजायची, खोट्या नोटा तेवढ्या बाजूला टाकायच्या आणि बाकीची पुन्हा आत ठेवायची, असा हा कारभार आहे.

गाळणी बिघडली की जे रक्तात राहायला हवे ते लघवीत उतरते. लंडनच्या गायज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, लघवीतील प्रथिने आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवून दिला. लहान मुलांना घसा दुखल्यानंतर किंवा त्वचेवर पिकलेल्या फोडांनंतर एक ते सहा आठवड्यांनी तोंडावर सूज येते आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते, तीही याच जातीची विकृती. येथे जंतू मूत्रपिंडात शिरलेले नसतात. जंतूंशी लढताना शरीराने तयार केलेली द्रव्ये गाळणीत अडकून दाह होतो. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात. म्हणून मुलांची खरूज, फोड यांकडे दुर्लक्ष करू नये.

मोठ्या माणसांत मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मुख्य कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. मधुमेहात गाळणीचे अस्तर जाड होते आणि त्यात काचेसारख्या गाठी साचतात. किमेलस्टील आणि विल्सन या दोन डॉक्टरांनी १९३६ मध्ये त्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्या. रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या कडक व अरुंद होतात, गाळण्या वाळतात आणि मूत्रपिंड आकसून त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो. यातील घातक गोष्ट अशी की दुखत काहीच नाही. रक्तातील क्रिएटिनीन वाढलेले दिसते तोपर्यंत बहुधा निम्मे काम बंद पडलेले असते. याउलट लघवीतील अल्ब्युमिनची साधी तपासणी बिघाड कितीतरी आधी दाखविते. मधुमेह असणाऱ्यांनी ती दरवर्षी करावी. तसेच सांधेदुखीसाठी दुकानातून मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाणे हेही मूत्रपिंडाला मारक आहे.

मुतखडा मात्र मुळीच गप्प बसत नाही. लघवी दाट झाली की तिच्यातील क्षारांचे खडे धरतात. त्यांतील बहुसंख्य कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काउंटर सोडता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची आमची जुनी सवय अशाच एका खड्याने मोडली. कंबरेपासून जांघेपर्यंत उठलेली ती कळ आम्ही अजून विसरलेलो नाही. शेतात, भट्टीजवळ किंवा वाहनावर उन्हात राबणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. लघवी दोन लिटरच्या वर होईल एवढे पाणी पिणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र ज्यांचे मूत्रपिंड किंवा हृदय आधीच कमजोर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

मूत्राशय : न दुखणारे रक्त

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. रक्तातून गाळून टाकलेली विषे येथे तासन् तास साठून राहतात आणि आतल्या अस्तराला लागतात. जर्मनीतील शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचे दाखवून दिले. आज या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. विडी-सिगारेट ओढली फुप्फुसात, पण तिचे विष गाळून साठते मूत्राशयात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणखी एक कारण म्हणजे एक परजीवी कृमी. थिओडोर बिल्हार्झ यांनी १८५१ मध्ये कैरो येथे तो शोधून काढला. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकून वर्षानुवर्षे दाह करतात आणि त्यातून कर्करोग उद्भवतो. इजिप्तमध्ये हा प्रकार फार होता. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावीही १९५० च्या दशकात या कृमीचे रुग्ण नोंदले गेले होते.

एकच गोष्ट पाठ करावी. जळजळ होऊन रक्त आले तर बहुधा जंतुसंसर्ग किंवा खडा असतो. काहीही न दुखता लघवीतून रक्त आले, आणि ते एकदाच येऊन थांबले, तरीही तपासणी करून घ्यावी. "थांबले म्हणजे बरे झाले" हा समज जिवावर बेततो.

पौरुषग्रंथी : अडलेली वाट

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती अक्रोडाएवढी पौरुषग्रंथी असते. पन्नाशीनंतर ती बहुतेक पुरुषांत वाढू लागते. ही साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात, नेमकी मूत्रमार्गाला लागून होते. त्यामुळे धार बारीक होते, जोर करावा लागतो, रात्री वारंवार उठावे लागते. अडथळ्याशी झगडून मूत्राशयाची भिंत जाड होते, तिच्यात खळगे पडतात, लघवी तुंबते आणि त्या दाबाने शेवटी वरची मूत्रपिंडेही फुगून निकामी होऊ शकतात. गल्लीच्या टोकाला गटार तुंबले की पाणी घरात शिरते, त्यातलाच हा प्रकार.

कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. तो मूत्रमार्गापासून दूर असल्याने आरंभी काहीच त्रास देत नाही आणि पुढे मणक्यात व हाडांत पसरतो. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने तपासतात ते याचसाठी, कारण तो बाहेरचा भाग बोटाला लागतो. पीएसए ही रक्ततपासणीही आहे. परंतु ती साध्या वाढीत आणि संसर्गातही वाढते, म्हणून एका आकड्यावर घाबरूनही जाऊ नये आणि निर्धास्तही राहू नये. निदान पक्के होते ते ग्रंथीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच.

वृषण : तरुणांचा रोग

वृषणाचा कर्करोग हा मुख्यतः पंधरा ते चाळीस या वयातील तरुणांचा रोग आहे, म्हणून विद्यार्थ्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. त्याची खूण म्हणजे वृषणात लागणारी, बहुधा न दुखणारी टणक गाठ. गर्भात वृषण पोटात तयार होऊन जन्माच्या सुमारास खाली उतरते. ते न उतरलेल्या मुलांत पुढे कर्करोगाचा धोका अधिक असतो. आईने बाळाला न्हाऊ घालताना दोन्ही वृषणे जागेवर आहेत ना हे पाहावे. सहा महिन्यांपर्यंत ती उतरली नाहीत तर शल्यविशारदांना दाखवावे.

आनंदाची गोष्ट अशी की हा रोग बरा होणाऱ्या कर्करोगांत अग्रस्थानी आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांसह दिले आणि चित्रच पालटले. आज रोग शरीरात पसरलेला असतानाही बहुसंख्य रुग्ण बरे होतात. क्रिकेटपटू युवराज सिंग यांना झालेली गाठ छातीत होती, पण ती याच कुळातली. २०१२ मध्ये उपचार घेऊन ते पुन्हा मैदानात उतरले.

प्रत्येक सूज कर्करोगाची नसते. अंडवृद्धी, म्हणजेच हायड्रोसील, यात वृषणाभोवती पाणी साचते. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर या भागांत त्याचे मोठे कारण डासांमुळे पसरणारा हत्तीरोग आहे. लहानशा शस्त्रक्रियेने ती बरी होते. ओझे घेऊन जन्मभर लाजत फिरण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या मुलाच्या वृषणात अचानक तीव्र कळ उठली तर सकाळची वाट पाहू नये. वृषणाला पीळ पडला असल्यास रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच ते वाचण्याची आशा चांगली असते.

वहिनींना उत्तर

आता त्या प्रश्नाकडे वळतो. खात्रीने "होय" असे आम्ही म्हणू शकत नाही, कारण पौरुषग्रंथीचा कर्करोग आरंभी मुका असतो. परंतु रात्रीच्या त्या उठण्याला बहुधा साधी वाढ कारण असली, तरी त्या निमित्ताने ते डॉक्टरांकडे गेले असते, तर बोटाच्या आणि रक्ताच्या तपासणीत दुसरा रोग हाती लागण्याचा चांगला संभव होता. त्यांना रोगाने गाठले हे खरे; पण मधली दोन वर्षे लाजेने घेतली.

खर्चाच्या धास्तीने मागे राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की लघवीची साधी तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तसेच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस व कर्करोगाचे अनेक उपचार समाविष्ट आहेत.

वाचकांना विनंती एकच. हा लेख वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, "रात्री किती वेळा उठता? कधी रक्त दिसले का?" आणि मुलांना सांगा की शरीराच्या कोणत्याही भागाची तक्रार आईवडिलांना सांगण्यात कमीपणा नाही. हा प्रश्न आम्ही आमच्या सहकाऱ्यांना वेळेवर विचारला नाही. तुम्ही तो आजच विचारा.