लेझर घेण्याआधी पत्र्यांमधली फट

एकावर एक ठेवलेले दोन पत्रे लेझरने जोडायचे म्हटले की चौकशी सुरू होते ती मशीनच्या किलोवॉटची. हातात धरून चालवायची लेझर वेल्डिंग मशीन आता लहान कारखानदारांच्याही आवाक्यात येऊ लागली आहेत. अहिल्यानगरच्या नागापूर किंवा सुपा औद्योगिक वसाहतीत असे मशीन घेऊ पाहणाऱ्याने मात्र किलोवॉटच्या आधी पत्र्यांमधल्या फटीचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. लेझरचा झोत मिलिमीटरपेक्षाही लहान ठिपक्यात एकवटतो. तिथले पोलाद नुसते वितळत नाही, त्याची वाफ होते आणि वाफेच्या दाबाने खोल, अरुंद विवर पडते. झोत पुढे सरकला की वितळलेला धातू मागून ते भरून काढतो. विवर वरचा पत्रा भेदून खालच्यात उतरले की सांधा झाला.

साध्या काळ्या पत्र्यावर हे सहज जमते. गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला की खरी अडचण सुरू होते. पोलाद वितळते सुमारे 1500 अंश सेल्सिअसला, जस्त मात्र 907 अंशांवरच उकळते. पत्रे घट्ट दाबलेले असले तर मधल्या मुलाम्याच्या वाफेला बाजूने वाट राहत नाही. ती वितळलेल्या धातूतूनच उसळते आणि धातूही उडवते. मग टाक्यावर बारीक भोके दिसतात, कडेला धातूचे कण चिकटतात आणि आडवे कापून पाहिले तर आत पोकळ्या सापडतात. साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर फट ठेवली तर वाफ निसटते. त्यासाठी वाहन उद्योगात लेझरनेच पत्र्यावर आधी बारीक उंचवटे उठवण्याची पद्धत आहे. फट याहून फार वाढली तर टाका खचतो, नाहीतर वरचा पत्रा न जुळता नुसता कापला जातो. चुकायला जागा एवढीशीच, म्हणून क्लॅम्प आणि फिक्स्चर चोख हवे.

कोणी म्हणेल, झोत डोलवणारी आणि तार भरणारी मशीन मिळतात, मग फटीचा एवढा बाऊ कशाला? त्यांचा उपयोग होतो हे खरे, पण कोंडलेल्या वाफेला हमखास वाट त्यांनी मिळत नाही. जुने स्पॉट वेल्डिंग काय वाईट, हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो. तांब्याचे इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंनी दाबतात, त्यामुळे थोडी वाकडी कड आपोआप सांभाळली जाते. सुट्या ठिपक्यांनी भागत असेल तिथे तेच करावे. एकाच बाजूने पोहोचता येते किंवा सलग टाका हवा असतो तिथे लेझरचा खर्च सार्थकी लागतो. त्या खर्चात डोळ्यांच्या संरक्षणाचा हिशेब मात्र आधीच धरायला हवा. फायबर लेझरचा झोत दिसत नाही, पत्र्यावरून परावर्तित होतो आणि थेट दृष्टिपटल जाळू शकतो. त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा आणि बंदिस्त जागा हवीच, वेल्डिंगच्या नेहमीच्या काचेवर विसंबणे धोक्याचे. आणि सौद्याआधी विक्रेत्याकडे आपल्याच कामातला मुलाम्याचा पत्रा न्यावा, आपल्यासमोर टाका मारून घ्यावा, तो आडवा कापावा, पॉलिश पेपरने घासावा आणि भिंगाखाली पाहावा.