भंडारदऱ्याच्या कच्च्या वाटा

अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊस, साखर कारखाने आणि पाण्याची टंचाई आठवते. राज्यातल्या या सर्वांत मोठ्या जिल्ह्याचं पश्चिम टोक मात्र वेगळंच आहे. अकोले तालुक्यात सह्याद्री ऐन भरात आहे. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथेच आहे, हरिश्चंद्रगड आणि रतनगड इथेच आहेत, आणि जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणवणारं घाटघरही इथलंच. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्याच्या साडेतीनशेहून अधिक चौरस किलोमीटरच्या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं, भातखाचरं आणि हिरडा-जांभळाची रानं एकमेकांना खेटून आहेत. या रानातून जाणारे निवांत रस्ते ही सायकलस्वारांसाठी मोठी ठेव आहे, आणि ती जपायची वेळ आता आली आहे.

जगभरात गेल्या दोन दशकांत ‘ग्रॅव्हल बाइकिंग’ नावाने एक प्रकार रुजला आहे. डांबरी रस्त्यावरची गर्दी टाळायची आणि खडी-मुरमाच्या, मातीच्या, रानातल्या वाटांनी दूरवर सायकल न्यायची, एवढाच त्याचा अर्थ. ही ओढ तशी जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९५५ साली कच्च्या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांनी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ स्थापन केली होती. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरची लांब पल्ल्याची शर्यत भरते. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

या सायकलचं हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं असतं, ब्रेक डिस्कचे आणि टायर साधारण ४० ते ५० मिलिमीटर रुंदीचे. खरी मेख हवेत आहे. रेसिंग सायकलच्या अरुंद टायरमध्ये ८०-१०० पौंड हवा भरण्याची पद्धत होती. इथे ३०-४० पौंडांवर भागतं. मऊ टायर खड्यावरून जाताना दबतो, खडा पोटात घेतो आणि जमिनीला धरून राहतो. हवा कडक असली तर तेच चाक खड्यावरून उडतं आणि वळणावर घसरतं. मुरमाच्या उतारावर वेग वळणाआधीच कमी करायचा, ऐन वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. चढावर सीटवरून उठायचं नाही, कारण मागच्या चाकावरचा भार हलला की ते जागच्या जागी फिरतं. एवढं जमलं की महागड्या सायकलवाचूनही या वाटा सर होतात. रुंद टायरची साधी गिअरची सायकल पुरते.

अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्याहून नाशिक सत्तरेक किलोमीटरवर. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची तिथली परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. घोटीमार्गे भंडारदऱ्याला येणारे नाशिककर सायकलस्वार म्हणूनच नवलाचे नाहीत. इथे आल्यावर सर्वांत ओढ लावतो तो जलाशयाचा फेरा.

हा जलाशय प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा. ते १९२६ साली पुरं झालं. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि मुतखेल करत पुन्हा शेंडी, असा हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा फेरा आहे. बहुतेक रस्ता आता डांबरी आहे, पण पावसाने उखडलेले तुकडे, रस्त्यावर वाहून आलेली खडी आणि मधूनच फुटणाऱ्या मुरमाच्या फाट्यांमुळे रुंद टायरचीच सायकल इथे कामाची. घाटघरला कडा तुटतो, खाली कोकण दिसतं आणि अलंग-मदन-कुलंग समोर उभे राहतात. साम्रदजवळ सांधण दरीची भेग आहे. रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आणि त्यामागे रतनगड. सप्टेंबरअखेरीस सोनकीने माळ पिवळे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी चालते, आणि रस्त्याकडेच्या खळ्यांवर झोडणीचा आवाज घुमतो. इंजिनाचा आवाज नसला की झाडावरच्या शेकरूची कर्कश हाक लांबूनच ऐकू येते. मोटारीच्या काचेआड बसलेल्याला यातलं निम्मंही कळत नाही.

कच्च्या रस्त्याशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे आणि ते कष्टाचं आहे. १९७२ च्या दुष्काळात हजारो माणसं खडी फोडायला, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. बायका हातोडीने दगड फोडत, घमेली वाहत, आणि कामावर सुकडी मिळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात विस्तारली आणि पुढे तिचा कायदा झाला. जिल्ह्यातले कितीतरी कच्चे रस्ते त्या हातांनी घडवलेले आहेत. त्यांच्यावरून मौजेने सायकल नेताना ही आठवण असलीच पाहिजे.

म्हणूनच ‘रस्ते कच्चेच ठेवा’ अशी मागणी कुणी शहरी हौशीने करू नये. बाळंतपणाला अडलेल्या बाईला, आजारी म्हाताऱ्याला, शाळेच्या मुलांना पक्का रस्ता हवाच, आणि वाडीपर्यंत एसटी यायलाच हवी. तो त्यांचा पहिला हक्क आहे. प्रश्न बाहेरून येणाऱ्या गाड्यांच्या लोंढ्याचा आहे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत इथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लुकलुकतात. नर काजव्याचं लुकलुकणं मादीला घातलेली साद असते. हेडलाइटच्या झोतात ती साद हरवते, आणि अंधारात झाडांखाली उभ्या केलेल्या गाड्या व तुडवलेलं गवत यांत पुढची पिढीही चिरडली जाते. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घातले आहेत. पण गर्दीच मोटारीतून येत असेल तर निर्बंध पाळून घेणं अवघडच.

यावर सायकल हा नेमका उपाय आहे. काजव्यांच्या दिवसांत आणि हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी जलाशयाचा फेरा बाहेरच्या मोटारींना बंद ठेवावा. गावकरी, एसटी आणि रुग्णवाहिका यांना अर्थातच मुभा असावी. शेंडीला गाड्या थांबवून तिथूनच गावातल्या तरुणांनी भाड्याने सायकली द्याव्यात, पंक्चर काढावं, वाटाड्या म्हणून सोबत जावं. घरगुती जेवणाची सोय परिसरात आहेच. सायकलवाला सावकाश फिरतो, भूक लागली की थांबतो आणि पैसा गावातच ठेवतो. ज्या मुरमाच्या फाट्यांवर वस्ती नाही, त्यांवर डांबर ओतायचं कारण नाही. ते पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठीच राहू द्यावेत.

सायकलस्वारांवरही जबाबदारी आहे. हे अभयारण्य आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथे लागू आहे, आणि सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. पायवाटा उकरू नयेत, भाताच्या बांधावरून सायकल नेऊ नये, अंधार पडण्याआधी रानाबाहेर पडावं. भर पावसात शेवाळलेल्या उतारांवर जाऊ नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच चांगला काळ. या दिवाळीनंतर भंडारदऱ्याला जाणार असाल, तर गाडी शेंडीला ठेवा आणि पुढचा फेरा सायकलने करा. मोटार तिथेच थांबवणारे पाहुणे वाढले, तरच या वाटा निवांत राहतील.