अम्मी, मला कुत्रा चावला

सोमवारचा पहिला तास. सहावीच्या वर्गात मी उर्दूचा इमला लिहून घेत होते. एका मुलाची वही सारखी सरकत होती, कारण ती धरायला त्याचा डावा हात वर येतच नव्हता. हात बाकाखाली होता आणि बोटांना रुमाल गुंडाळलेला होता. विचारले तर म्हणाला, "टीचर, सायकलवरून पडलो."

मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारले, तेव्हा त्याला रडू कोसळले. गुरुवारी संध्याकाळी गल्लीतल्या पिल्लाला बिस्किट देताना ते त्याच्या बोटाला चावले होते. रक्तही आले होते. घरी मात्र त्याने पडल्याचे सांगितले. का? "कुत्र्याला हात लावला म्हणून अब्बू मारतील."

मी त्याच्या अम्मीला फोन केला. खरे कळल्यावर त्या घाबरल्या, पण लगेच म्हणाल्या, "टीचर, शुक्रवारीच जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलंय की!" ते इंजेक्शन टीटीचे, म्हणजे धनुर्वाताचे होते. पडल्याची जखम म्हटल्यावर डॉक्टर दुसरे काय देणार? दादीने वरून हळद लावली होती. चार दिवस गेले होते आणि रेबीजवरचा उपचार अजून सुरूच झाला नव्हता.

त्याच दुपारी आम्ही तिघे सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. तिथे जे पाहिले आणि समजून घेतले, ते प्रत्येक घराला माहीत असावे म्हणून हा लेख.

अपघात विभागात काय होते?

केसपेपर निघाल्यावर डॉक्टरांनी मुलालाच प्रश्न विचारले. कोणता प्राणी? कधी चावला? रक्त आले का? धुतले का? आधी कधी रेबीजची लस घेतली आहे का? मुलाने खरे सांगितले तरच या प्रश्नांना अर्थ असतो. उपचार कोणता करायचा ते या उत्तरांवरच ठरते.

अखंड त्वचेवर कुत्र्याने नुसते चाटले असेल, तर धुणे पुरते, लस लागत नाही. रक्त न येता किरकोळ ओरखडा उठला असेल, तर लस लागते. दात त्वचेच्या आत गेले असतील, रक्त आले असेल, किंवा प्राण्याची लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल, तर लस आणि सिरम दोन्ही लागतात. आमचा मुलगा या तिसऱ्या गटात होता.

सर्वांत आधी नर्सने त्याचे बोट नळाखाली धरून साबणाने पुन्हा नीट धुतले. मी म्हटले, "चार दिवस झाले, आता धुऊन काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला तरी धुवायचंच." मग त्यांनी जखमेच्या आत आणि भोवती सिरम टोचले. बोटाला ते फार दुखते. मुलगा ओरडला, अम्मीने तोंड फिरवले. नंतर दोन्ही दंडांवर लसीचे छोटे टोचे दिले. ते मात्र त्याला जाणवलेही नाहीत.

दोन वेगळी औषधे कशाला? लस शरीराला रोगाशी लढायला शिकवते, पण त्या शिकवणीला एक-दोन आठवडे लागतात. सिरममध्ये तयार प्रतिपिंडे असतात. ती तेवढ्या मधल्या काळात जखमेपाशीच पहारा देतात. लसीचा पहिला डोस घेऊन सात दिवस उलटले की सिरमचा उपयोग राहत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी मिळायला हवे. आपल्याकडच्या रुग्णालयात सिरम नसेल, तर लस घेऊन तिथेच विचारा, "सिरम कुठे मिळेल?" आणि त्याच दिवशी तिकडे जा.

घाई का करायची?

रेबीजचा विषाणू चाव्यातून शिरतो आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला साधारणपणे एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी जास्त. या काळात मूल खेळते, जेवते, जखम भरूनही येते. पण पाण्याची भीती, गिळताना घशात आचके अशी लक्षणे एकदा दिसली, की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लक्षणांआधी योग्य उपचार झाला, तर हाच रोग हमखास टळतो. म्हणून "काही झालं तर बघू" हे इथे चालत नाही. चेहरा, डोके, मान आणि हात यांवरचा चावा अधिक धोक्याचा.

आपल्या घरांतल्या चुका

कुत्र्याचे तोंड लागले तर आपण कपडे धुतो, भांडे धुतो. जखमेवर मात्र पाण्याचा एक हबका मारून हळद, चुना किंवा तिखट लावतो. खरे तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार आहे. घड्याळ लावून धुवा. बाकी काही लावू नका, घट्ट बांधू नका.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती दादीलाही होती. ती जुनी लस आपल्या देशात सुमारे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता लस दंडात देतात, अगदी लहान बाळांना मांडीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ती देतात.

कुत्रा पाळीव आहे, किंवा पिल्लूच तर आहे, म्हणून थांबू नका. पिल्लापासूनही रेबीज होतो, तसेच मांजर आणि माकडापासूनही. कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण उपचार सुरू करून.

रमजानमध्ये चावा झाला, तर ईदची वाट पाहू नका. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. शंका असेल तर आलिमांना जरूर विचारा, पण रुग्णालयाच्या वाटेवरून. दम, तावीज करणाऱ्यांनीही आधी लस घ्यावी. दुआ तर सोबत आहेच.

तारखा चुकवू नका

आमच्या मुलाला ०, ३, ७ आणि २८ अशा दिवसांच्या तारखा मिळाल्या. शून्य दिवस म्हणजे चाव्याचा नव्हे, पहिल्या टोच्याचा दिवस. म्हणजे सोमवार, गुरुवार, पुढचा सोमवार आणि पहिल्या टोच्यानंतर चार आठवड्यांनी येणारा सोमवार. काही ठिकाणी मोठी सुई स्नायूत देतात, तेव्हा चौदावा दिवस धरून पाच डोस होतात. शेवटच्या डोसापर्यंत जखम भरलेली असते आणि लोक तोच विसरतात. मी त्या तारखा वर्गाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या. मुलेच त्याला आठवण करायची. कार्ड जपून ठेवा. पुन्हा कधी चावा झालाच, तर आधी पूर्ण लस घेतल्याच्या नोंदीवरून दोनच डोस लागतात आणि सिरम लागत नाही.

१८८५ च्या जुलैत नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याची आई लुई पाश्चर यांच्याकडे घेऊन गेली, तेव्हा चावा होऊन दोन दिवस झाले होते. तो वाचला. उशीर झाला असेल, तर शरमेने घरी बसू नका. आज जा.

चारही डोस झाल्यावर त्या मुलाचे अब्बू शाळेत आले. म्हणाले, "टीचर, कुत्र्यापेक्षा तो मला जास्त घाबरला, हे मनाला लागलं." मी काय बोलणार? माझ्याही वर्गात मुले मला घाबरून कितीतरी गोष्टी लपवत असतील.

आज रात्री जेवताना मुलांना एवढेच सांगा: कुत्रा, मांजर, माकड, काहीही चावले, ओरबाडले, तर लगेच सांग. कोणी रागावणार नाही. आणि खरोखर रागावू नका.