साडेचार इंचांची बाई, चोवीस हजार कोटी ठिपके

जुलै १९२५ मध्ये, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या मोराविया प्रांतात, दोल्नी व्येस्तोनित्से इथल्या उत्खननात राखेच्या थरातून भाजलेल्या मातीचे दोन तुकडे निघाले. ते जोडल्यावर १११ मिलिमीटर उंचीची एक बाई तयार झाली. रुंद कंबर, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन तिरक्या चिरा.

तिचं वय सुमारे २९,००० वर्षं. पिढी २५ वर्षांची धरली तर तिच्या-आपल्यामध्ये ११६० पिढ्या झाल्या. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहिला तेव्हाच तिला चोवीस हजारांवर वर्षं होऊन गेली होती. चीनमध्ये सापडलेली सर्वांत जुनी मडकी सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे त्यांच्याही नऊ हजार वर्षं आधी इथली माणसं बाहुल्या भाजत होती. स्वयंपाकाची सोय नंतर सुचली!

आता हिला न फोडता आत डोकवायचं, तर सीटी स्कॅन. तसं ते २००४ साली झालंही. फोटो चौकोनी ठिपक्यांचा असतो, सीटीचं चित्र बारीक घनांचं. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात आणि प्रत्येकाजवळ तिथल्या घनतेचा एक आकडा असतो. आजच्या मायक्रो-सीटीच्या हिशोबाने घनाची बाजू १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग धरू. एका घन सेंटिमीटरात हजार गुणिले हजार गुणिले हजार, असे १०० कोटी ठिपके झाले. मूर्ती मावेल अशी १२ × ५ × ४ सेंटिमीटरची पेटी घेतली तर २४,००० कोटी. सेकंदाला एक मोजत बसलं तर ७,६०० वर्षं लागतील. प्रत्येकाला दोन बाइट दिले की ४८० जीबी भरतात. बाजू निम्मी केली की हे सगळं दुप्पट नाही, आठपट होतं. तपशिलाची हाव इथे महागात पडते.

एकसंध मूर्तीचं हे झालं. या परिसरात भाजक्या मातीचे हजारो तुकडे मिळाले आहेत: अस्वल, सिंह, मॅमथ यांची डोकी, पाय, शिवाय नुसते गोळे. काही संशोधकांच्या मते ओलसर मूर्ती मुद्दाम आगीत टाकून फोडल्या जात. कोणता तुकडा कोणाचा? १०,००० तुकडे धरले तर जोड्या होतात ४,९९,९५,०००. दहा सेकंदांत एक जोडी, रोज आठ तास, रविवारचीही सुट्टी नाही, तरी सत्तेचाळीस वर्षं जातील. तुटलेल्या कडांची त्रिमितीय मॉडेलं केली की ही उस्तवारी संगणकावर सोपवता येते.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत लहान आकडा मोठा वाटतो. बाईच्या पाठीवर एक बोटाचा ठसा आहे. प्रौढांच्या बोटावर एका रेघेपासून दुसरीपर्यंत साधारण अर्धा मिलिमीटर असतो, मुलांच्या बोटावर त्याहून थोडा कमी. त्या फरकावरून ठसा ७ ते १५ वर्षांच्या मुलाचा ठरला. पण माती वाळताना, भाजताना आकसते आणि ठसाही तिच्याबरोबर आकसतो. समजा दहा टक्के आकसली, तर ०.५ चे ०.४५ होतात आणि मोठं माणूस लहान दिसू लागतं. म्हणून वय सांगण्याआधी मातीच्या आकसण्याचा हिशोब करावा लागतो. आणि तो अचूक केला तरी हे मूल मूर्ती घडवत होतं, की ओली असताना तिला नुसता हात लावून गेलं, हे ठशावरून कळत नाही.