पहिल्या पावसाला न भुलणारी अंडी

२०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. पावसाळा सरता सरता धरणात पुन्हा पाणी आले. तळे आटून पुन्हा भरले की बीड जिल्ह्यात कुठल्याही गावातली पोरे एक प्रश्न हमखास विचारतात: तळ्यात टिपूसही नव्हता, मग हे मासे आले कुठून?

मोठी माणसे सांगतात ती उत्तरे बहुतेक बरोबर असतात. काही मासे खालच्या डोहातून पुराच्या पाण्याला उलटे पोहत येतात, ते चढणीचे मासे. मरळ आणि मागूर वरची हवा घेऊ शकतात, त्यामुळे गाळात ओल असेपर्यंत ते तग धरतात. काही ठिकाणी मत्स्यबीज सोडलेले असते. मासे आभाळातून पडतात असे सांगणारे आजोबाही असतात. पण मासा मेला, तळे वाळले, माती भेगाळली आणि पुढच्या पावसात त्याच मातीतून त्याची पिले निघाली, असे आपल्याकडच्या माशांत घडत नाही. आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत मात्र घडते. ही करामत करणारे मासे किलिफिश कुळातले आहेत. नावात ‘किल’ असले तरी त्याचा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत ‘किल’ म्हणजे लहान ओहोळ.

यातला आज सर्वाधिक अभ्यासला जाणारा मासा म्हणजे नोथोब्रँकियस फरझेरी. १९६८ मध्ये तो झिंबाब्वेच्या गोनारेझू अभयारण्यातल्या एका डबक्यात सापडला. गोनारेझू म्हणजे हत्तींचे ठिकाण. तिथला पाऊस बीडपेक्षाही कमी. चार सरींनी भरलेली डबकी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आटतात. एवढ्या अवधीत या माशाला जन्मायचे, वाढायचे आणि अंडी घालायची असतात. झेक शास्त्रज्ञांनी मोझांबिकमधल्या डबक्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये दाखवले, की अंड्यातून निघाल्यावर अवघ्या चौदा दिवसांत हा मासा वयात येऊ शकतो. कणा असलेल्या प्राण्यांत इतकी घाई दुसऱ्या कुणाची आढळलेली नाही. मूग काढणीला यायच्या आत या माशाचे बालपण, तारुण्य आणि संसार उरकलेला असतो. डबके आटले नाही तरी तो म्हातारा होतोच. प्रयोगशाळेतली त्याची एक जात तीन-चार महिन्यांतच वार्धक्याने मरते. म्हणून वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांना तो सोयीचा वाटला आणि २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला.

मला या गोष्टीतली सर्वात जवळची वाटलेली बाब मातीची आहे. पाणी साचलेल्या कुठल्याही खड्ड्यात हे मासे सापडत नाहीत. डबक्याच्या तळाशी फुगणारी, चिकट, गडद चिकणमाती लागते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि खोलवर थोडी ओल धरून ठेवते. मृदाशास्त्रात अशा मातीला व्हर्टिसोल म्हणतात. सिंदफणेच्या आणि गोदावरीच्या काठची कापसाची काळी जमीन याच जातकुळीची. मे महिन्यात माजलगावकडे शेतातल्या ज्या भेगेत हात जातो, तसल्याच भेगांच्या कडेला हजारो मैलांवर या माशांची अंडी झोपलेली असतात.

झोपलेली, हा शब्द इथे अगदी नेमका आहे. अंडे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, जाड कवचाचे. त्यातल्या गर्भाची वाढ तीन ठरलेल्या टप्प्यांवर थांबू शकते. पहिल्या टप्प्यावर शरीराची आखणीच झालेली नसते, पेशी विखुरलेल्या असतात. दुसऱ्या टप्प्यावर पाठीच्या कण्याची आखणी आणि हृदयाची नळी तयार असते, पण सगळे मंदावते. तिसऱ्या टप्प्यावर पिलू पुरते तयार असते, फक्त पाण्याची वाट बघते. जॉन वूर्म्स यांनी १९७२ मध्ये या थांब्यांचे सविस्तर वर्णन केले. व्हेनेझुएलातल्या अशाच एका किलिफिशचा दुसऱ्या टप्प्यावर झोपलेला गर्भ दोन महिने ऑक्सिजनशिवाय तगू शकतो, असेही आढळले आहे. स्टॅनफर्डमध्ये अ‍ॅन ब्रुनेट यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कित्येक महिने झोपलेल्या अंड्यातून निघालेला मासा न झोपलेल्या भावंडाइतकाच जगतो. झोपेचा काळ त्याच्या आयुष्यातून वजा होत नाही.

आता दुबार पेरणीकडे येऊ. मृग बरसला, वाफसा आला, तिफण चालली, सगळे बियाणे जमिनीत गेले आणि मग पावसाने तीन आठवडे दडी मारली. या एका वाक्यात मराठवाड्यातल्या किती घरांचे कर्ज दडलेले आहे, ते इथे सांगायला नको. किलिफिशपुढे हेच संकट उभे असते. पहिली सर येते, डबके भरते आणि आठ दिवसांत वाळते. सगळी अंडी त्या सरीला फुटली असती, तर वंश तिथेच संपला असता. पण एकाच मादीची, एकाच दिवशी घातलेली अंडी एकाच वेगाने वाढत नाहीत. काही थेट तिसऱ्या टप्प्यावर पोचलेली असतात, काही दुसऱ्यावर अडलेली असतात, काहींनी अजून सुरुवातही केलेली नसते. पहिल्या पावसाला काही फुटतात, उरलेली पडून राहतात. घरातले सगळे बियाणे एका घातीला न पेरता कणगीत राखून ठेवण्याची ही सोय निसर्गाने अंड्यातच करून ठेवली आहे. ही क्षमता या कुळात एकदाच नव्हे, अनेक वेळा स्वतंत्रपणे उगवली. कोरडवाहू मुलखात अशी राखीव खूप उपयोगी ठरली असणार.

मग आपल्याकडे, याच मातीत, असा मासा का नाही? आपल्याकडे किलिफिश आहेत, पण ते बारमाही पाण्यातले. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांत, विहिरींत पाण्याच्या पृष्ठभागालगत पोहणारा, अंगावर उभे पट्टे असलेला पिकू हा त्यांतला एक. मुंबईहून नेलेल्या नमुन्यांवरून फ्रान्सच्या व्हॅलेन्सिएन यांनी १८४६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे जवळचे भाऊबंद मादागास्करमध्ये आणि सेशेल्स बेटांवर आहेत. भारत मादागास्करपासून तुटला त्या काळाची ही खूण असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात. पिकूची अंडी पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटतात आणि साधारण दोन आठवड्यांत फुटतात. पावसाचा खंड त्यांना सोसत नाही. पिकू डासांच्या अळ्या आवडीने खातो. तरीही डास मारण्यासाठी आपण विहिरीत सोडतो ते गप्पी आणि गॅम्बुशिया, हे अमेरिका खंडातले मासे. जिथे देशी मासा हेच काम करत होता, तिथे परका आणून सोडणे मला मुळीच पटत नाही.

किलिफिश घरात पाळायचे असतील तर पिकूपासूनच सुरुवात करावी. तो उड्या मारतो, टाकीला घट्ट झाकण हवे. लोकरीचे धागे थर्माकोलच्या तुकड्याला बांधून तरंगत सोडले की मादी त्यांवर अंडी चिकटवते. रोज बोटांनी चाचपून ती वेगळ्या भांड्यात काढायची, नाहीतर आईबापच गिळून टाकतात.

नोथोब्रँकियसची गोष्ट निराळी. एक खोली, लोखंडी मांडणी, तिच्यावर वीस-वीस लिटरच्या टाक्या, एवढ्याने भागते. बीडमध्ये बोअरचे पाणी जड असते. अनेक नाजूक माशांना ते मानवत नाही, या माशांना चालते. शिवाय ‘व्हेल्व्हेट’ नावाचा त्वचारोग त्यांना लवकर होतो, म्हणून पाण्यात चिमूटभर खडेमीठ टाकतात. एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवाव्यात, कारण नर मादीला उसंत देत नाही. कोरडे खाद्य ते सहसा तोंडात धरत नाहीत. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची पिले, डासांच्या अळ्या असे जिवंत खाणे रोज लागते. आर्टेमियाही वाळलेल्या अंड्यांच्या रूपातच डब्यात मिळतो आणि मिठाच्या पाण्यात दिवसभरात जिवंत होतो. दोन्हींकडे तोच खेळ.

टाकीत एका डब्यात दोन बोटे उंचीचा धुतलेल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, थर ठेवायचा. जोडी त्यात शिरते आणि एकेक अंडे भुशात रोवते. दर आठवड्याला भुसा गाळून, पिळून, वर्तमानपत्रावर पसरायचा. ओल किती ठेवायची हे कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही: वाफसा आलेल्या मातीइतकी. मुठीत धरला तर पाणी गळू नये, मूठ उघडली तर गोळा टिकावा. मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर जातीचे नाव आणि तारीख लिहून कपाटात ठेवायचा. जातीप्रमाणे दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते. उष्ण खोलीत गर्भ मधले थांबे टाळून लवकर तयार होतात, गारव्यात रेंगाळतात. तेव्हा एप्रिलची पिशवी आणि डिसेंबरची पिशवी एकाच हिशेबाने उघडून चालत नाही. भिंगाखाली अंड्यात डोळ्यांभोवती सोनेरी कडे दिसू लागले की वेळ झाली.

उथळ भांड्यात भुसा टाकून वर थोडे गार पाणी ओतायचे. पुष्कळदा तासाभरातच पिले पोहू लागतात. ती खालच्या थरात घसरत राहिली, वर उचलली गेली नाहीत, तर त्यांची हवेची पिशवी भरली नाही असे समजावे. ती सहसा जगत नाहीत. असे खूप झाले तर पिशवी बहुधा अवेळी उघडली गेलेली असते. आणि यातले काहीही, मासा असो वा अंडे, विहिरीत, बिंदुसरा नदीत किंवा कुठल्याही तळ्यात जाता कामा नये. इथली काळी माती त्यांना परकी वाटणार नाही, म्हणून ही काळजी आपल्याकडे जास्तच घ्यायला हवी.

पिले काढून झाली की भांड्यात ओला भुसा उरतो. नवखा माणूस तो कुंडीत टाकून देतो. जुना पाळणारा तो पुन्हा पिळतो, पुन्हा वर्तमानपत्रावर पसरतो, पुन्हा पिशवीत भरतो. पहिल्या पाण्याला न उठलेली अंडी अजून त्यात असतात. पिशवीवर पहिल्या तारखेखाली तो दुसरी तारीख लिहितो आणि पिशवी परत कपाटात ठेवतो.